नुसती नळी घालणार, मग भूलतज्ज्ञ कशाला?

हृदयाची झडप बदलायला आलेल्या पेशंटचे नातेवाईक मला हमखास विचारतात, "छाती उघडणार नाही, मांडीतून नळी जाणार, मग भूलतज्ज्ञ कशाला?" प्रश्न रास्त आहे. साध्या अँजिओग्राफीत मनगटापाशी जागा बधिर केली की बहुतेकदा भागतं, तिथे माझी गरजही नसते.

झडपेची गोष्ट वेगळी. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीच्या, तोंडाशी असलेली झडप आकसली की हृदय चिंचोळ्या वाटेतून रक्त ढकलत राहतं. अशा माणसाला नेहमीच्या मापाने झोपेचं औषध दिलं तर रक्तवाहिन्या सैलावतात, प्रेशर उतरतं आणि खुद्द हृदयाच्या स्नायूलाच रक्त अपुरं पडतं. हे चक्र एकदा सुरू झालं की आवरणं फार अवघड. म्हणून औषध अगदी बेताबेताने द्यायचं, आणि प्रेशर चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन आधीच भरून तयार ठेवायचं.

2002 साली फ्रान्समध्ये हृदयरोगतज्ज्ञ अ‍ॅलँ क्रिबिए यांनी अशी झडप पहिल्यांदा नळीवाटे बसवली. सुरुवातीच्या काळात पूर्ण भूल सर्रास दिली जायची; आता अनेक ठिकाणी हलकी गुंगी पुरते. पण फुग्याने उघडणारी झडप बसवताना तारेतून विजेचे सूक्ष्म इशारे देऊन (यालाच पेसिंग म्हणतात) हृदयाचे ठोके मुद्दाम मिनिटाला 180 ते 200 पर्यंत नेतात, म्हणजे झडप जागेवरून सरकत नाही. हृदय नुसतं थरथरतं, मॉनिटरवरची प्रेशरची लाट जवळपास सपाट होते. फुगा फुगतो, उतरतो, पेसिंग थांबतं. त्यानंतरचे काही सेकंद माझी नजर त्या लाटेवरून हलत नाही. ती उठायला रेंगाळली तर औषध लगेच जायला हवं, आणि पेशंट गुंगीत असला तरी गरज पडताच श्वासनलिकेत नळी टाकायची तयारी हवी. तीही अडचणीच्या जागेत, कारण एक्स-रे यंत्राचा कमानीसारखा हात, म्हणजे सी-आर्म, नेमका छातीवर असतो.

मायट्रल झडपेला, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला, क्लिप लावताना अन्ननलिकेतून इको (हृदयाची सोनोग्राफी) बराच वेळ चालतो, तिथे सहसा पूर्ण भूलच देतो.

तेव्हा आदल्या दिवशी भेटाल तेव्हा मला हे नक्की सांगा: सपाट झोपल्यावर दम लागतो का, झोपेत घोरताना श्वास अडकतो का, गिळताना त्रास होतो का, दात हलतात का, रक्त पातळ करायच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत. गुंगी द्यायची की पूर्ण भूल, हे ठरवताना मी यातली बरीच उत्तरं धरून चालते.