तीनशे वॅटचा मोह

ॲम्पेगचा एसव्हीटी घ्यावा की ऑरेंजचा एडी २००, हा प्रश्न धान कापणीच्या तोंडावर कोणाला पडू नये. पण मला तो पडला आहे आणि अख्ख्या पावसाळ्यात त्याने माझी पाठ सोडलेली नाही. दोन्ही बास गिटारचे ॲम्प्लिफायर आहेत, दोन्ही व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांवर, चालणारे आहेत आणि दोन्ही कोणीतरी वापरून विकायला काढलेले आहेत. पहिला नागपुरातल्या एका बंद होऊ घातलेल्या स्टुडिओत पडून आहे, दुसरा पुण्याच्या एका हौशी वादकाकडे आहे. किमतीत थोडाफार फरक आहे, परंतु दोन्ही किमती घरात मोठ्याने उच्चारण्यासारख्या नाहीत.

आमचा नाटकाचा संच झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे या रंगभूमीचे मुख्य ठाणे. दिवाळी आटोपली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावोगावी मंडईच्या (म्हणजे जत्रेच्या) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने मंडप पडतात आणि पहाट होईपर्यंत नाटके चालतात. ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड ही आमच्याकडची रूढ मांडणी आहे. तिच्यात बास गिटार घेऊन बसणारा मी तसा उपराच. आजवर माझी गिटार साउंडवाल्याच्या मशीनमध्ये सरळ खोचली जात असे आणि गायकाच्या आवाजासोबत त्याच भोंग्यांतून बाहेर पडत असे, त्यामुळे मी काय वाजवतो आहे हे माझ्या बोटांना कळे, कानांना क्वचितच कळे. रंगमंचावर स्वतःचे मशीन असावे, ही मागणी म्हणूनच हौसेची कमी आणि गरजेची अधिक आहे, असे मी घरी सांगितले आहे.

एसव्हीटीचे आकर्षण समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. १९६९ साली हे यंत्र अमेरिकेत बाजारात आले तेव्हा बाससाठी तीनशे वॅट ही कल्पनाच धाडसाची होती. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सने आपल्या अमेरिकेच्या दौऱ्यावर त्याचे सुरुवातीचे नमुने नेले आणि मोठ्या मैदानांवर बास ऐकू येऊ शकतो हे लोकांना कळले. त्यात एकूण चौदा व्हॉल्व्ह होते, त्यांपैकी सहा शेवटच्या टप्प्यावर ताकद देणारे. आधी ते ६१४६ या जातीचे होते, पुढे ६५५० आले, आणि नागपूरला जो आहे त्यात हेच ६५५० सहा ओळीने उभे आहेत. मी तो ऐकायला गेलो तेव्हा मालकाने मागचे झाकण काढून दाखवले. स्विच दाबल्यावर आधी काहीच झाले नाही. मग एकेका काचेच्या पोटात तांबूस रेघ उमटली, ती हळूहळू पिवळसर झाली, पंखा घुमू लागला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. मिनिटभराने स्टँडबायचा स्विच पुढे केला आणि मी खालची ई तार छेडली, तेव्हा खोलीच्या खिडकीचे तावदान त्या स्वराला लागून थरथरले. त्या आवाजात एक खरखरीत गुरगुर असते. तार हलकी छेडली तर ती झोपून राहते आणि बोट जोरात पडले की उठून बसते. ते ऐकल्यावर माणसाने व्यवहाराचा विचार करावा अशी अपेक्षा ठेवणे अन्याय्य आहे.

व्यवहाराचा विचार अर्थात मला नंतर करावाच लागला. एडी २०० दोनशे वॅटचा आहे, म्हणजे कागदावर शंभर वॅटने कमी, आणि ज्याने त्याने मला हेच शंभर वॅट दाखवून नागपूरच्या बाजूला ढकलले. पण कानाचा हिशेब बेरजेचा नसतो. दोनशेवरून तीनशेवर गेल्याने आवाजात जेमतेम पावणेदोन डेसिबलची भर पडते, जी शांत खोलीत लक्ष दिले तर जाणवेल आणि दूर पालात पोर रडत असेल तर जाणवणारही नाही. आवाज ऐकणाऱ्याला दुप्पट वाटावा यासाठी ताकद साधारण दहापट करावी लागते. तेव्हा या दोघांतली निवड ही ताकदीची निवड नाहीच, हे मी स्वतःशी मान्य केले आणि तेव्हापासून प्रश्न सोपा होण्याऐवजी अधिक रंगतदार झाला.

खरा फरक वजनात आहे. एसव्हीटीचे नुसते डोके, म्हणजे स्पीकरांशिवायचे यंत्र, छत्तीस-सदतीस किलोच्या घरात जाते. ऑरेंजचे पंचवीसच्या आसपास राहते. हे वजन कोठून येते, तर लोखंडातून. व्हॉल्व्हला स्पीकर सरळ जोडता येत नाही, मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि स्वर जितका खालचा तितके त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंड अधिक लागते. बासच्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा, म्हणजे लोखंडाच्या दृष्टीने फारच महागडा. त्यात भर म्हणून एसव्हीटीसोबत दहा इंची आठ स्पीकरांचा जो उंच डबा असतो, ज्याला जगभरचे वादक फ्रिज म्हणतात, तो एकटाच साठ किलोंच्या वर जातो. आमचे सगळे सामान छोटा हत्तीत जाते आणि पहाटे एका गावचा पडदा उतरवून दुसऱ्या गावाकडे निघण्याची वेळही अधूनमधून येते. तबलजी मामांना मी फ्रिजचे छायाचित्र दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा वर करून ते नीट पाहिले आणि म्हणाले, "तुमचा डबा उचलाले मी येनार नाई, आताच सांगून ठेवतो." संचात माझ्याहून वयाने मोठे असल्यामुळे त्यांच्या या बोलण्याला निर्णयाइतकेच वजन आहे.

या फ्रिजची गंमत अशी की तो ४१ हर्ट्झचा स्वर धड देतच नाही. साठ हर्ट्झच्या खाली गेले की त्याचा जोर उतरू लागतो. आपण खालची ई म्हणून जे ऐकतो तो बव्हंशी तिचा दुप्पट, म्हणजे ८२ हर्ट्झचा आणि त्याच्याही वरचा स्वर असतो; मूळ स्वर मेंदू आपल्या पदरचा घालून घेतो. हे कळल्यावर मला मंडपातल्या बासचे कोडे उलगडले. शेतात उभारलेल्या मंडपाला भिंती नसतात, कापडी कनाती असतात, आणि अगदी खालचा आवाज त्यांना न जुमानता थेट बांधापलीकडे जातो. तो परतून येत नाही. मंडपात बास कळतो तो दोनशे ते आठशे हर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात, जेथे तारेची घसट आणि बोटाचा ठसका असतो. एसव्हीटीवर अल्ट्रा लो नावाचा एक स्विच आहे, तो दाबला की खोलीत छाती भरून येते; पण तो खालचे थोडे वाढवतो आणि ५०० हर्ट्झचा भाग भरपूर कापतो, म्हणजे मंडपात नेमके हवे तेच काढून घेतो. उलट त्याच यंत्रावर मधला पट्टा कोठे उचलायचा हे निवडण्याची जी कळ आहे, ती २२० वर किंवा ८०० वर ठेवून ऐकली तर तेवढ्या एका कळीसाठी ते यंत्र घ्यावे असे वाटते. ऑरेंजवर अशी चैन नाही. मोजक्या कळा, खालचा, मधला आणि वरचा. जे काही करायचे ते बोटांनी करायचे. मात्र त्याचा मधला पट्टा मुळातच जाड आहे आणि ऑर्गनच्या डाव्या हाताशी तो भांडत नाही, हे मला पुण्याला पहिल्या दहा मिनिटांत जाणवले. रंग भडक नारिंगी आहे, ज्यावर आमच्या संचात नागपुरी संत्र्याचे सगळे विनोद आधीच करून झाले आहेत.

कोणी विचारेल की आज दोन-अडीच किलोचे मशीन पाचशे वॅट देत असताना व्हॉल्व्हचा हा संसार मांडायचा कशाला. प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. व्हॉल्व्ह ताणला की आवाज एकदम फाटत नाही, तो हळूहळू जाड होत जातो, आणि खलनायकाच्या प्रवेशाला त्याचा जो उपयोग होतो तो दुसऱ्या कशाचा होत नाही, एवढेच मी सांगू शकतो.

आता विजेकडे वळू, कारण आमच्याकडे शेवटचा शब्द तिचाच असतो. व्हॉल्व्हच्या आतली तार ६.३ व्होल्टवर तापते, आणि हे ६.३ व्होल्ट घरची वीज २३० असेल तरच मिळतात. मंडपातले हॅलोजन लागले, शेजारच्या शिवारातले पंप सुरू झाले आणि वीज १८० वर आली, की तारेच्या वाट्याला पाचसुद्धा येत नाहीत. कॅथोड, म्हणजे व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, पुरता तापत नाही आणि आवाज मरगळतो. मध्यरात्रीनंतर पंप बंद झाले की हीच वीज २६० वर चढते आणि तार सातच्या वर जाऊन व्हॉल्व्हचे आयुष्य खाऊ लागते. ६५५० ची एक तार दहा वॅट खाते. सहा म्हणजे एकही स्वर न वाजवता साठ वॅट नुसते तापवण्यात गेले. दुसरी गोष्ट तुडतुड्यांची. धान उभे असताना किंवा नुकते कापलेले असताना मंडपाच्या दिव्यांवर त्यांचे थवे येतात, आणि एसव्हीटीचा पंखा हवेसोबत त्यांनाही आत ओढणार. तापलेल्या काचेवर ते चरचरून चिकटल्यावर जो वास येईल त्याची कल्पना मी नागपूरच्या मालकाला दिली नाही.

दुरुस्तीसाठी मी वडशाच्या बाजारातल्या एका वृद्ध रेडिओ मिस्त्रींकडे गेलो. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये बंगळुरूत रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, त्या काळापासूनचे डबे त्यांच्या फळीवर अजून आहेत. मी त्यांना दोन्ही यंत्रांची छायाचित्रे दाखवली. एसव्हीटीच्या आत सातशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ दबा धरून बसतो, हे त्यांना मी सांगण्याआधीच ठाऊक होते. त्यांना चिंता निराळी होती. "सा वॉलचा मेळ कोठून लावता, सर? चाराचाच लागत नाई." हे व्हॉल्व्ह आता प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात, आणि शेवटच्या टप्प्यातले सगळे एकमेकांशी जुळणारे घ्यावे लागतात. एसव्हीटीच्या मागे बायस, म्हणजे स्वर नसतानाचा व्हॉल्व्हचा प्रवाह, जुळवण्यासाठी छोटे दिवे आणि स्क्रू आहेत, हिरवा लागेपर्यंत फिरवायचे, ही सोय मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यावर त्यांनी मान डोलावली, पण बोटे चारच दाखवली, कारण ऑरेंजच्या शेवटच्या टप्प्यात चारच व्हॉल्व्ह आहेत.

तेव्हा पुण्याला इसार पाठवला आहे. ज्या आवाजाने तावदान थरथरले तो मला आणखी काही वर्षे आठवत राहील आणि ऑरेंज वाजवताना मी त्याच्याशी तुलना करीनच, याची मला खात्री आहे. फ्रिजच्या ऐवजी दहा इंची चार स्पीकरांचे दोन डबे करायचे ठरले आहे, प्रत्येक आठ ओहमचा, म्हणजे समांतर जोडल्यावर चार ओहम होतात आणि यंत्राच्या चार ओहमच्या सॉकेटला बरोबर बसतात. जोडणी मात्र विसरून चालणार नाही, कारण स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचे मशीन वाजवले तर ट्रान्सफॉर्मर जळतो. सुतार आलापल्लीच्या सागवानाचा आग्रह धरून बसला होता. ज्या वजनापासून मी पळतो आहे तेच तो मला सागवानात देऊ पाहतो आहे, हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली आणि शेवटी प्लायवूडवर तडजोड झाली.

एवढे सगळे हलके केल्यावर उरला तो स्टॅबिलायझर. १८० ते २६० ही सगळी चढउतार झेलेल असा सर्व्हो स्टॅबिलायझर दिवाळीपूर्वी नागपूरहून आणायचा आहे. आतल्या तांब्या-लोखंडामुळे तोही चांगलाच जड असतो, पण तबलजी मामांना मी अजून त्याचे वजन सांगितलेले नाही.