पोंगल, करगाट्टम आणि अम्मा

सिंगापूरमध्ये आज पोंगल. वर्गातल्या तमिळ मैत्रिणीने सकाळीच घरी ओढून नेलं. तिची अम्मा हळदीचं रोप बांधलेल्या भांड्याशी उभी. दूध उतू गेलं आणि सगळं घर "पोंगलो पोंगल!" म्हणून ओरडलं. आमच्याकडेही दूध उतू गेलं की आई ओरडते, पण ती वेगळ्या कारणाने 😄

मग केळीच्या पानावर गुळाचा गोड पोंगल, वडा, सांबार. पुरे म्हणून पानावर हात आडवा धरला, तर अम्माने बाजूने वाढलं!

संध्याकाळी लिटल इंडियात करगाट्टम. डोक्यावर फुलांनी सजवलेला कलश, त्यावर पोपट, आणि ती बाई गिरक्या घेत खाली वाकते तरी कलश ढिम्म हलत नाही. मी मात्र जास्त वेळ तविल नावाचा ढोल वाजवणाऱ्याकडेच बघत होते. एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या बोटांना कडक टोपणं. ढोल-ताशावर वाढलेल्या पुणेकरणीच्याही छातीत धडधडलं.

शेवटी अम्माने कुम्मीच्या, म्हणजे टाळ्या वाजवत फेर धरायच्या नाचाच्या, रिंगणात ढकललंच. लहानपणी भोंडला खेळलेय म्हटल्यावर म्हणाली, "मग लाजतेस कसली?"

निघताना हातात भरलेला डबा. डबा रिकामा परत न्यायचा नाही, असं माझी आई म्हणते, म्हणजे आता मला काहीतरी रांधायला हवं. सुचवा!