तुम्ही विचारलेत म्हणून: इतके सगळे शिकता कधी?

गेली 19 वर्षे मी सर्व्हर सांभाळतो आहे आणि या कामात नव्याने आलेली मुले मला एकच प्रश्न विचारतात: "सर, दर वर्षी सगळे बदलते, मग तुम्ही शिकता कधी?" "रोज रात्री दोन तास," असे मी सांगत आलो. 2022 पर्यंत ते खरे होते. त्यानंतरही मी तेच सांगत राहिलो, कारण खरे उत्तर द्यायचे तर एका रात्रीविषयी बोलावे लागते.

आपले ज्ञान कालबाह्य होईल ही माझी तेव्हाची भीती निराधार होती असे मात्र कोणी म्हणू नये. सेंटओएस 8 या मोफत सर्व्हर-प्रणालीला 2029 पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर आम्ही सर्व्हर उभे केले आणि डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झाले की ते 2021 अखेरीस बंद होणार. पाठोपाठ 31 जानेवारी 2021 रोजी मायक्रोसॉफ्टने एमसीएसई या आपल्या प्रमाणपत्राच्या परीक्षा बंद केल्या. माझ्या बायोडेटाची पहिलीच ओळ ती होती. पंचेचाळिशीकडे झुकलेल्या माणसाने अशा वेळी काय करावे? मी कुबरनेटिसचा, म्हणजे अनेक सर्व्हरवर मिळून सॉफ्टवेअर चालवणाऱ्या प्रणालीचा, अभ्यास सुरू केला. ज्या खासगी रुग्णालयात मी काम करत होतो तिथे कुबरनेटिसवर चालणारे काहीही नव्हते. जुलै 2022 मध्ये परीक्षा पास झालो, त्यासाठी दोन महिने रात्री दोनपर्यंत जागलो होतो.

20 ऑगस्टला, शनिवारी रात्री, डेटाबेस सर्व्हरच्या दोन डिस्क एकापाठोपाठ गेल्या. रेड 5 मध्ये, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा विभागून ठेवण्याच्या पद्धतीत, एक डिस्क गेली तर निभावते, दुसरी गेली की सगळेच जाते. तरीही मी शांत होतो, कारण "बॅकअप सक्सेसफुल" असा मेल मला रोज सकाळी येत असे. बॅकअपचा फोल्डर उघडला तेव्हा दिसले की महिनाभराच्या प्रत्येक फाइलचा आकार 20 बाइट आहे. रिकाम्या मजकुरावर जीझिप (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम) चालवले की तेवढीच फाइल तयार होते.

कारण पहाटे चारला सापडले. जूनच्या सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्यांनी अपडेटमध्ये एक नवे टेबल घातले होते आणि ते वाचण्याची परवानगी बॅकअपच्या युजरला नव्हती. डेटाबेसची प्रत काढणारा पीजी-डम्प हा प्रोग्राम तिथेच थांबत असे. परंतु माझ्या स्क्रिप्टमध्ये त्याचे आउटपुट पाइपने, म्हणजे एका कमांडमधून थेट दुसरीत, जीझिपकडे जात होते आणि पाइपफेल हा पर्याय लावलेला नसेल तर बॅश ही कमांड चालवणारी प्रणाली शेवटच्या कमांडचा निकाल हाच सगळ्या ओळीचा निकाल धरते. जीझिपने आपले काम बिनचूक केले होते, म्हणून मेलही "सक्सेसफुल"चाच येत होता. बॅशच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. ते पान मी कधी वाचलेच नव्हते.

तीस दिवसांपूर्वीच्या फाइल आपोआप पुसल्या जात असल्यामुळे शाबूत प्रत एकच उरली होती, बाहेरच्या डिस्कवरची, 31 मे ची. पुढचे अकरा आठवडे कागदांवरून भरावे लागले. रेकॉर्ड रूममध्ये सिस्टर केसपेपर वाचून दाखवत आणि मी व दोन ऑपरेटर टाइप करत असू. मधुमेहाच्या ओपीडीत एका आजोबांना पुन्हा रक्त द्यावे लागले, कारण त्यांचा आधीचा रिपोर्ट ना संगणकात होता ना फाइलमध्ये. त्यांनी तक्रार केली नाही, मुकाट्याने बाही वर सरकवली. मी दारात उभा होतो.

मी एकटा होतो, शिकण्यासाठी कामाच्या वेळेतला एक तासही कोणी दिला नव्हता, हे मी व्यवस्थापनाला सांगितले आणि ते खरे होते. पण रात्रीचे दोन तास माझ्या हातात होते आणि ते मी जिथे घालवले तिथे माझी गरज नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

आता रात्री शिकत नाही. तीन महिने पाठपुरावा करून शुक्रवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ ड्युटीच्या तक्त्यात लिहून घेतली आहे. त्या वेळात एका जुन्या मशीनवर खरा बॅकअप परत उतरवतो, म्हणजे त्यातून डेटा पुन्हा उभा करतो, आणि वेळ मोजतो; पहिल्यांदा सहा तास चाळीस मिनिटे लागली होती, आता दीड तास लागतो. नवे तंत्र शिकतो ते आमच्या कामाला लागणार असेल तर. वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या टीएलएस प्रमाणपत्रांची कमाल मुदत मार्च 2029 पासून 47 दिवसांवर येणार आहे, म्हणजे हाताने नूतनीकरण करणे जवळजवळ अशक्य होईल. म्हणून सध्या अ‍ॅक्मे प्रोटोकॉल, म्हणजे ती प्रमाणपत्रे आपोआप नवी करण्याची पद्धत, शिकतो आहे.

तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला. सुटलेला नाही. 2022 मधला मी अजूनही विचारतो की ही नोकरी गेली तर बाजारात काय दाखवशील? कुबरनेटिसचे प्रमाणपत्र 2025 मध्ये संपले आणि मी ते नव्याने घेतले नाही. त्यानंतर एका मुलाखतीत पहिला प्रश्न त्याविषयीच आला, आणि बॅकअप परत उतरवण्याविषयी कोणी काही विचारले नाही. 2022 मधल्या त्या माणसाचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. म्हणून सध्या महिन्यातला शेवटचा शुक्रवार मी त्याला दिला आहे.