युस्टन ते हॉलीहेड, कलत्या गाडीने

बाबा कल्याणच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. अल्को बनावटीच्या रेल्वे इंजिनांवर हात काळे करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. २०२२ च्या सप्टेंबरात मी भावाकडे लंडनला निघाले, तेव्हा राजवाडा बघ, म्युझियम बघ असं काही ते बोलले नाहीत. "तिकडे वळणावर कलणारी डिझेल गाडी आहे. तीत बसून ये आणि मला नीट सांग," एवढंच म्हणाले.

म्हणून एका सकाळी युस्टन स्टेशनवर वेल्समधल्या हॉलीहेडची गाडी पकडली. सुपर व्हॉयेजर, क्लास २२१. या शतकाच्या सुरुवातीला बॉम्बार्डियरने अशा ४४ गाड्या बांधल्या. डबा टोकाकडून पाहिला की भिंती वर जाताना आत झुकलेल्या दिसतात. कललेला डबा शेजारच्या गाडीला घासू नये म्हणून ही काट. खिडकीशी बसल्यावर ती खांद्याला जाणवते.

पुढे वेगळं इंजिन नाही. प्रत्येक डब्याच्या पोटात ७५० अश्वशक्तीचं कमिन्स कंपनीचं इंजिन आहे. (पुण्याच्या माणसाला कमिन्स म्हणजे कोथरूडच आठवणार.) पाच डब्यांचे मिळून ३७५०. बाबांचं डब्ल्यूडीएम-२ जातीचं रेल्वे इंजिन होतं २६०० चं. तत्त्व मात्र तेच: डिझेल इंजिन चाकं फिरवत नाही, ते वीज तयार करतं आणि त्या विजेवर मोटरी चाकं फिरवतात. हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले आहे.

बर्कमस्टेडला शेजारून कालवा धावू लागला, त्यात अरुंद लांबोड्या होड्या. मी चहाचा कप समोर ठेवला आणि वाट पाहत बसले. लेटन बझर्डच्या आसपास वळण आलं आणि खिडकीतलं शेत वर चढू लागलं. पलीकडच्या खिडकीत नुसतं आभाळ. कपाकडे पाहिलं, तर चहा काठाशी समांतर! बाहेरचं जग तिरकं झालं होतं आणि माझ्या पोटातलं पाणीही हललं नव्हतं.

वळण जोरात घेतलं तर गाडी रुळावरून उतरण्याच्या कितीतरी आधी आतली माणसं बाहेरच्या बाजूला ढकलली जातात. वेगाला आवर घालावा लागतो तो बराचसा त्यांच्यासाठी. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवलेला असतोच. ही गाडी त्यात स्वतःच्या अंगाने सहा अंशांपर्यंत भर घालायची. कुठे कलायची परवानगी आहे, ते रुळांच्या मध्ये बसवलेली उपकरणं तिला कळवायची. या मार्गावर तेव्हा साध्या गाड्यांचा वेग बहुतेक ठिकाणी ताशी १७७ किलोमीटरवर थांबायचा, कलणाऱ्या २०० गाठायच्या. १९८१ मध्ये ब्रिटिश रेल्वेने एपीटी नावाची कलती गाडी लोकांसाठी आणली, तेव्हा प्रवाशांना मळमळलं होतं. वळणाचा सगळा जोर त्या गाडीने पुसून टाकला होता. डोळ्यांना वळण दिसे, अंगाला काहीच लागत नसे. आता थोडा जोर मुद्दाम शिल्लक ठेवतात. मला हे फार आवडलं. यंत्राने माणसाच्या कानातला तोल ओळखायचा!

वर विजेची तार असताना खाली डिझेल जाळत जाणं मात्र मला खटकत होतं. क्रू नावाच्या जंक्शननंतर हॉलीहेडच्या दिशेने तार संपली आणि तीच गाडी न थांबवता, इंजिन न बदलता पुढे निघाली, तेव्हा उलगडा झाला. (२०२४ मध्ये या मार्गावर वीज आणि डिझेल दोन्हींवर चालणाऱ्या नव्या गाड्या आल्या. त्या कलत नाहीत.)

चेस्टरनंतर उजवीकडे बसा. आधी डी नदीची चिखलाळ खाडी, मग समुद्र थेट रुळांपर्यंत. इथे कलण्याचं काम नसतं. कॉनवीला गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी लोखंडी नळीत शिरते. रॉबर्ट स्टीफनसनचा हा पूल १८४८ पासून उभा आहे. हाच स्टीफनसन आपल्या जीआयपी रेल्वेचा (आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाचा) सल्लागार अभियंता होता आणि बोरघाटाची आखणी करणारा जेम्स बर्कली त्याच्याच हाताखाली तयार झाला. कर्जत ते खंडाळा मी किती वेळा गेले असेन. तो घाट आणि ही नळी मनात कधी शेजारी आली नव्हती. मेनाईच्या खाडीवरचा त्याचा दुसरा पूलही असाच नळीचा होता, १९७० च्या आगीत तो गेला. जुन्या मनोऱ्यांवर आता पोलादी कमान आहे.

हॉलीहेडला उतरले. समोर डब्लिनची बोट लागली होती आणि गाडीची इंजिनं अजून चालू होती. कल्याणला संध्याकाळ झाली असेल म्हणून बाबांना फोन लावला आणि डब्याच्या खालच्या जाळीपाशी धरला. गरम वारा मनगटाला लागत होता.

"आमच्यापेक्षा फार भरभर फिरतंय गं हे," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "धर अजून. काढू नकोस."