पेंडवाले साहेब

२०१८ चा जुलै. महापुराच्या आदल्या वर्षीचा पावसाळा. आमचं जनसंपर्काच्या (पीआर) एजन्सीचं ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर, आणि त्या दिवशी मी आठलाच पोचले होते कारण रात्री साडेअकरापासून एका क्लायंटच्या मॅनेजरचे फोन चालू होते. क्लायंट म्हणजे पशुखाद्याचा कारखाना, नाव लिहीत नाही, आमच्या महिन्याच्या बिलातला सगळ्यात मोठा हिस्सा त्यांचाच होता एवढं सांगते.

झालं असं होतं की कुणीतरी गोठ्यात उभं राहून पोतं फोडल्याचा व्हिडिओ काढला होता. आत गोळी पेंडेची ढेकळं झालेली, हिरवट काळी बुरशी, आणि मागनं आवाज, "बघा, ह्ये घालालोय आमी जनावरास्नी." रात्रीत तो व्हिडिओ दूध संस्थांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. कोल्हापुरात बातमी पसरायला दूध संस्थेइतकी फास्ट जागा दुसरी नाही, सकाळ-संध्याकाळ सगळं गाव कॅन घेऊन तिथं येतंच. सकाळपर्यंत तीन-चार गावांतनं म्हशी वैरण खाईनात, दूध तोडलं असे फोन सुरू झाले होते.

मॅनेजर म्हणाला एक कडक प्रेसनोट द्या, दुपारच्या आत सगळ्या पेपरला गेली पाहिजे. मी सात वर्षं हे काम करत होते, अशी नोट दहा मिनिटांत व्हायची. "काही विघ्नसंतोषी मंडळींकडून खोडसाळ प्रचार सुरू असून पशुपालकांनी त्यावर विश्वास ठेवू नये, संबंधितांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल." लिहिली आणि पावणेनऊला मॅनेजरला पाठवून पण दिली. त्यांचा लगेच अंगठा आला.

मग अण्णा आले. अण्णा म्हणजे आमचे संस्थापक. मूळचे तालुक्याचे बातमीदार, नंतर दूध संस्था आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल छापून द्यायचं काम सुरू केलं आणि त्यातनंच ही एजन्सी उभी राहिली. एजन्सीला स्वतःचं नाव त्यांनी कधी दिलं नाही, केबिन पण नव्हती, दारातनं आत आलं की पहिलं टेबल त्यांचं. बाहेरनं कोण भडकून आलं तर आधी माझ्याशी गाठ पडू दे म्हणायचे.

ओली छत्री हातातच होती, तसंच उभ्या उभ्या त्यांनी स्क्रीनवर नोट वाचली.

"पोतं बघितलंस तू?"

"नाही अण्णा."

"मॅनेजरनं बघितलंय?"

"विचारलं नाही."

"मग खोडसाळ कशावरनं म्हणतेस?"

आवाज चढला नव्हता. मला उत्तर सुचलं नाही. ते म्हणाले, ह्या नोटची प्रिंट काढ आणि चल, गाडी काढायला सांग.

फुलेवाडी नाका, बालिंगा, आणि तिथनं पुढे गगनबावडा रोड. गगनबावडा म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा तालुका, त्यामुळं त्या रोडला जुलैत वायपर बंद करायची सोयच नसते. बालिंग्याच्या पुलावर पाणी बघायला पोरं थांबली होती. गाडीत अण्णांनी एका ओळखीच्या पशुवैद्यकांना फोन लावला, स्पीकरवर. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आजपण पाठ आहे. पेंडेत ओलावा ११ टक्क्यांच्या आत पाहिजे, पावसाळ्यात पोतं भिंतीला टेकून किंवा फरशीवर ठेवलं की ओल धरते, मग बुरशी, आणि त्यातली एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. जनावराचं लिव्हर धरतं ते. आणि ते तिथंच थांबत नाही, त्याचं रूप बदलून दुधात उतरतं, दूध उकळलं तरी जात नाही. दुधात किती चालतं ह्याची सरकारी मर्यादा आहे, किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही, पण ती पेंड आधी बंद करा म्हणाले.

मी खिडकीतनं बाहेर बघत बसले होते. प्रिंट माझ्या मांडीवर.

कळ्याच्या अलीकडं आत एक गाव आहे. संस्थेच्या सचिवांनी एका घरात नेलं. पन्नाशीच्या मावशी, दोन म्हशी, गोठ्याला पत्रा, आत धूर केलेला. एक म्हैस उभी होती पण मान खाली टाकून, पुढ्यातल्या ओल्या वैरणीला तोंड लावलेलं नव्हतं. सकाळी पाच लिटर देणारी म्हैस चार दिवस झाले दीडावर आली होती. पोतं कोपऱ्यात होतं, बूड फोडलेलं. अण्णांनी हात घालून ढेकूळ काढलं, वास घेतला आणि माझ्या हातात दिलं. कुबट, दमट वास. पोत्याच्या टॅगवरचा बॅच नंबर त्यांनी स्वतःच्या डायरीत लिहिला.

मग मला म्हणाले, "वाच मावशीला."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते परत म्हणाले, "आपण आज पेपरला देणार आहोत ना, त्यात यांच्याबद्दलच आहे. वाच."

मी वाचली. विघ्नसंतोषी शब्दाला माझा आवाज अडकला पण पूर्ण वाचली. मावशी मन लावून ऐकत होत्या, पोरगी शिकलेली आहे आणि काहीतरी कामाचं वाचतेय अशा नजरेनं. संपल्यावर थोड्या वेळानं म्हणाल्या, "व्हय बाई. मग माज्या म्हशीला काय झालं म्हनायचं?"

त्यांना राग नव्हता आला, खरंच विचारत होत्या. दहा दिवसांचं दूधबिल यायचं होतं, त्यातनं पेंडेचेच पैसे कापून जाणार होते.

परत येताना अण्णांनी गाडीतच नवीन नोट लिहायला लावली. आमच्या ऑफिसात भिंतीवर शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याची झेरॉक्स फ्रेम करून लावलेली आहे, करवीर गॅझेटमधला तो, मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागांचा. बाकी ऑफिसांत तो आदरानं लावतात, अण्णा त्याच्यावरनं आम्हाला लिहायला शिकवायचे. बघा म्हणायचे, महाराज तेव्हा इंग्लंडात होते, हुकूम कागदावरच चालणार होता, म्हणून त्यात कुठं पळवाट ठेवलेली नाही. कोणाला मिळणार ते लिहिलंय, कोणाला नाही तेही लिहिलंय, ज्या ऑफिसात निम्म्यापेक्षा कमी आहेत तिथं पुढची नेमणूक कोणाची ते लिहिलंय, आणि शेवटी प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा. वाचणाऱ्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळतं. त्या दिवशी गाडीत त्यांनी जाहीरनाम्याचं नाव नाही काढलं पण नोट तशीच झाली. कुठल्या बॅच नंबरची पोती, ती पेंड लगेच बंद करा, पोतं कुठं परत द्यायचं, बदली पोतं किंवा पैसे, दूध तपासून घेण्याचा खर्च आणि डॉक्टरांचा खर्च कंपनीचा, फोन कुठल्या नंबरला करायचा.

तिथनं थेट एमआयडीसीत, कारखान्यावर. अण्णांनी आधी मालकांकडं न जाता गोडाऊन बघितलं. मागच्या बाजूचा पत्रा गळत होता, पोती भिंतीला चिकटून लावलेली, खाली लाकडी फळ्यापण नव्हत्या. हमाल म्हणाला, महिना झाला सांगालोय.

मालकांच्या केबिनमध्ये नवी नोट वाचून झाली आणि त्यांनी मोबाईल टेबलावर सरकवला. त्यात सकाळची, माझी नोट. "अण्णा, ही पण तुमच्याच ऑफिसची. सकाळी खोडसाळ प्रचार होता, आता डॉक्टरचा खर्च कंपनीचा? कुणी लिहिली ही?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या ऑफिसातनं आली म्हणजे मी दिली. न बघता दिली, चूक माझी आहे. ती नोट कुठं गेली असेल तर मी फोन करून मागं घेतो."

एवढंच. नंतर गाडीत नाही, ऑफिसात नाही, पुढं तीन वर्षांत एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. मला त्या दिवशी ओरडले असते तर बरं वाटलं असतं असं पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

मालकांशी बोलणं दोन तास चाललं. अण्णांनी त्यांना टायलेनॉलचं प्रकरण सांगितलं. १९८२, शिकागो, डोकेदुखीच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी दुकानात सायनाइड घातलं, ७ माणसं गेली, आणि जॉन्सन अँड जॉन्सननं अख्ख्या देशातनं ३ कोटींवर बाटल्या परत मागवल्या, १० कोटी डॉलरच्या वर खर्च आला. नंतर ते औषध नवीन सीलबंद पॅकिंगमध्ये परत आणलं तेव्हा हॅरॉल्ड बर्सन यांची एजन्सी बरोबर होती. बर्सन पण मूळचे बातमीदार, न्युरेंबर्गचा नाझी नेत्यांवरचा खटला त्यांनी अमेरिकन सैन्याच्या रेडिओसाठी कव्हर केलेला, १९५३ ला बिल मार्स्टेलर यांच्याबरोबर एजन्सी काढली. अण्णांना त्यांच्याबद्दल फार होतं. पण आम्हाला शिकवताना हेही सांगायचे की भोपाळनंतर युनियन कार्बाइडचं काम पण ह्याच एजन्सीनं घेतलं, दोन्ही लक्षात ठेवा, एक सांगून दुसरं झाकलं तर आपण पण तेच केलं.

मालक म्हणाले, "अण्णा, ती अमेरिका. इथं उद्या दुसऱ्या कंपनीचा सेल्समन माझीच बातमी खिशात घालून गावोगाव फिरणार."

अण्णा म्हणाले, "फिरणार. ते खरं आहे."

मला वाटलं होतं ते समजूत घालतील, उलट तुमचं नाव होईल वगैरे. आमच्या धंद्यात असं सांगायची सवयच असते. त्यांनी नाही सांगितलं. शिवाय मला आज वाटतं टायलेनॉलवाल्यांचं त्यामानानं सोपं होतं, विष बाहेरच्यानं घातलं होतं. इथं पत्रा आपलाच गळत होता, ते लिहायला जास्त जड जातं.

शेवटी अण्णा म्हणाले, "ही नोट नको असेल तर दुसऱ्या कुणाकडनं लिहून घ्या, माझी हरकत नाही. पण खोडसाळवाली माझ्याकडनं जाणार नाही, आणि ह्या महिन्याचं बिल मी पाठवत नाही." आमचा पगार कशातनं निघतो हे मला माहीत होतं आणि त्यांना तर होतंच.

पाच वाजता मालक निम्मं कबूल झाले. बॅच नंबर छापायचे, पोती परत घ्यायची, दूध तपासायचा खर्च द्यायचा. डॉक्टरांचा खर्च काढून टाकला. बुडालेल्या दुधाचं तर नावच काढू नका म्हणाले. मी खूप चिडले होते, ती मावशी डोळ्यापुढं होती. अण्णा म्हणाले आज पोती थांबली पाहिजेत, उरलेल्यासाठी मी परत येतो. आणि ते गेले परत, तीन वेळा गेले, शेवटी काही गावांत डॉक्टरांचं बिल मिळालं, काहींत नाही मिळालं. त्या मावशींना मिळालं. म्हैस वाचली पण त्या वेतात पहिल्यासारखं दूध आलं नाही.

फोन नंबरवर परत अडलं. कंपनीचा नंबर संध्याकाळी सहाला बंद व्हायचा आणि मालक स्वतःचा द्यायला तयार नव्हते. गावाकडं माणूस धारा काढून, दूध घालून, जेवून मग फोन करणार, आठच्या पुढं. अण्णांनी नोटच्या खाली पेनानं स्वतःचा मोबाईल नंबर लिहिला आणि म्हणाले, टाइप कर.

दुसऱ्या दिवशी पेपरला आलं आणि सकाळी सहापासून तो फोन वाजत होता तो जवळपास महिनाभर. अण्णांनी एक पण फोन आम्हाला उचलू दिला नाही. दोनशे पानी वही केली होती, गाव, नाव, पोती किती, जनावर कसं आहे, पुढं परत कधी विचारायचं. पहिले काही दिवस लोक शिव्याच द्यायचे, ते ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, म्हैस वैरण खातेय का?

मार्चमध्ये कंपनीनं आमचं काँट्रॅक्ट पुढं वाढवलं नाही. अण्णांनी त्यानंतर आठ महिने स्वतः काही घेतलं नाही, आमच्या कुणाच्या पगाराला हात लावला नाही, आणि हे आम्हाला अकाउंटंटकडनं नंतर कळलं. २०२० ला त्यांनी आम्हा चौघांना भागीदार करून घेतलं, कागदावर सह्या झाल्या तेव्हा त्यांचं स्वतःचं टेबल तेवढं दारातच ठेवा म्हणाले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अण्णा गेले. आम्हाला कुणालाच जाता आलं नाही.

आता त्या टेबलावर मी बसते. त्यांचं सिमकार्ड घरच्यांनी आम्हाला दिलं, आम्ही ते चालू ठेवलंय, ड्रॉवरमध्ये त्यांच्या जुन्याच फोनमध्ये. बहुतेक कर्जवाल्यांचेच फोन येतात. पण गेल्या पावसाळ्यात एकदा रात्री मी उशिरापर्यंत थांबले होते आणि वाजला. पलीकडं म्हातारा आवाज, मागं पावसाचा आवाज.

"पेंडवाले सायेब हाईत काय?"

मी सांगितलं ते आता नाहीत म्हणून. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत ते. मग म्हणाले, "बरं. पोत्याला वास याला लागलाय ओ, दुसऱ्या कंपनीचं हाय, पर नंबर ह्योच होता लिवून ठेवल्याला, म्हनून केला."

वही खालच्या कप्प्यातच होती. मी शेवटचं लिहिलेलं पान काढलं आणि विचारलं, "काका, गाव कुठलं तुमचं? आणि म्हैस वैरण खातेय का?"