व्हीटचा अवेळी रिलोड: चोर सापडला

मागच्या नोंदीत व्हीट या वेब-डेव्हलपमेंट टूलच्या ज्या रिलोडच्या नावाने बोटं मोडली होती, त्याचं मूळ सापडलं. एचएमआर (पान रिलोड न करता बदललेला कोड आत घालणारी व्हीटची सोय) निर्दोष आहे.

लक्षण तेच: फॉर्म अर्धा भरलेला, आलेखांचा टॅब उघडला की अख्खं पान रिलोड आणि फॉर्म कोरा. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की सगळं सुरळीत. छळणारी गोष्ट हीच. मात्र नवं पॅकेज टाकलं की दुखणं परत! प्री-बंडल केलेल्या (आधीच एकत्र बांधून ठेवलेल्या) डिपेंडन्सी, म्हणजे अ‍ॅप वापरतं ती बाहेरची पॅकेजेस, नोड-मॉड्यूल्समधल्या '.व्हीट' फोल्डरात कॅश होतात आणि लॉकफाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) बदलली की ती कॅश बाद. मग '--फोर्स' (कॅश बाजूला सारून पुन्हा बंडल करायला लावणारा पर्याय) लावून सर्व्हर उठवला आणि बिघाड हुकमी यायला लागला. इतका आनंद बग सुटल्यावरही झाला नसेल.

टॅब उघडताक्षणी टर्मिनलवर ओळ उमटते: नवी डिपेंडन्सी ऑप्टिमाइझ केली, रिलोड करतोय. नाव आलेखाच्या लायब्ररीचं. सर्व्हर उठताना व्हीट सोर्समधले इम्पोर्ट शोधतं, त्या सुरुवातीच्या स्कॅनमध्ये ती का दिसली नाही? कारण तिचा इम्पोर्ट सोर्समध्ये लिहिलेलाच नाही. '.आलेख' फाइलींसाठीचा माझा प्लगइन तो ट्रान्सफॉर्मच्या (फाइलीचा कोड बदलून देण्याच्या) वेळी घुसवतो, आणि स्कॅनर प्लगइनचे ट्रान्सफॉर्म चालवत नाही. लायब्ररी उशिरा सापडते, आधीच्या डिपेंडन्सींशी सामायिक असलेले चंक (बंडलचे तुकडे) बदलतात, आणि एकाच मॉड्यूलच्या दोन प्रती पानात नकोत म्हणून व्हीट पान नव्याने मागवतं. वागणं रास्त आहे, पण इम्पोर्ट कुठल्या फाइलीतून आला तेही त्या ओळीत छापायला काय हरकत होती? प्रॉडक्शन बिल्डमध्ये हा प्री-बंडल करणारा ऑप्टिमायझर नसतोच, त्यामुळे तिथे सगळं आलबेल.

कॉन्फिगमधल्या 'ऑप्टिमाइझडेप्स.इन्क्लुड'मध्ये (हमखास प्री-बंडल करायच्या डिपेंडन्सींची यादी) लायब्ररीचं नाव टाकलं, '--फोर्स'ने उठवलं, टॅब उघडला... फॉर्म जागच्या जागी. उगाचच टॅब उघडझाप करत बसलो.

'सर्व्हर.वॉर्मअप'चाही विचार केला होता. पण त्याचं काम फाइली आधीच तापवून ठेवण्याचं. डिपेंडन्सी जाहीर करायला 'इन्क्लुड'च सरळ.

हे लिहिता लिहिता सुचलं: ती यादी कॉन्फिगमध्ये हवीच कशाला? प्लगइनच्या 'कॉन्फिग' हुकमधून (कॉन्फिग ठरवताना व्हीट बोलावतं ते फंक्शन) 'इन्क्लुड' परत केलं तर व्हीट ते मुख्य कॉन्फिगमध्ये मिसळून घेतं. जो इम्पोर्ट घुसवतो त्यानेच तो जाहीर करावा. म्हणजे आज चंक विभागणीला हात लावणार होतो ते राहिलं. आधी प्लगइन दुरुस्त करतो, मग कॉन्फिगमधली ती ओळ काढून '--फोर्स'ने पुन्हा तपासतो.