फॉर्म भरला म्हणून मेस बंद केली

ठाण्यात एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. एफवायची, म्हणजे पहिल्या वर्षाची सकाळी साडेसातची बॅच, टायट्रेशन चालू होतं, थेंबथेंब द्रावण टाकत रंग बदलतो तो एंड पॉइंट पकडायचा, आणि एका मुलाचा तो तिसऱ्यांदा चुकला, फिकट गुलाबी यायला हवं तिथे फ्लास्कमध्ये पार गडद राणी कलर. मी वैतागून म्हटलं, अरे लक्ष कुठंय तुझं, तीन आठवडे हेच चाललंय, जर्नल अर्धवट, लेक्चरला डुलक्या. सॉरी मॅम म्हणाला आणि टेबल धरत धरत खालीच बसला. हात गार, कपाळावर घाम.

स्टाफरूममध्ये आणलं, मावशींनी चहा दिला, मी माझा डबा पुढे केला. नको नको म्हणत होता पण दोन पोळ्या कधी संपल्या कळलंच नाही. मग हळूहळू बोलला. गाव मुरबाडकडे, इथे कळव्याला मित्रांसोबत खोलीवर राहतो, रात्री भिवंडीला गोडाऊनमध्ये पॅकिंग, तिथून थेट कॉलेज. "मॅम, परीक्षेचा फॉर्म भरला ना, म्हणून या महिन्यात मेस बंद केली." आदल्या दुपारी एक वडापाव, त्यानंतर पोटात काही नाही.

आणि मी त्याला आळशी समजत होते, ते अजून मनातून जात नाही. शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं, पुढे मग पोरांना भूक लागायची थांबते का? अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९९३ सालीच विद्यार्थ्यांनी स्वतः कॅम्पसवर फूड बँक काढली, आता तिकडे शेकडो कॉलेजांत अशी सोय आहे, आणि आपण इकडे अटेंडन्स कमी म्हणून पालकांना फोन करतो.

आम्ही चौघींनी ऑफिससमोर एक जुनं कपाट ठेवलं, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, चणे, शेंगदाणे, केळी. कुणी काय नेलं लिहायला वही पण टांगली. आठवडाभर कुणी हात लावला नाही, केळी काळी पडली. मग मावशीच म्हणाल्या, मॅडम सगळ्यांच्या देखत कोण घेईल हो, ती वही पण काढा. कपाट लायब्ररीच्या जिन्याखाली नेलं, वही काढली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्धं रिकामं.

कोण नेतं ते आम्ही बघत नाही. तो मुलगा आता एसवायला आहे, गोडाऊन सुटलेलं नाही पण जर्नल वेळेवर येतं. फॉर्मची शेवटची तारीख उलटली की पुढचे दहाबारा दिवस कपाट भराभर रिकामं होतं, म्हणून तेव्हा चणे दुप्पट आणतो.